डिस्चार्ज कार्डावर व्यायामही लिहा

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य;
तसेच राज्यातील कर्करोग रुग्णालयांचे संचालक

महोदय,

मी वृषणाच्या कर्करोगातून बरा झालो आहे. आमच्यातले बरेच जण आजार नेमका कुठे झाला होता हे नातेवाइकांनाही सांगत नाहीत; ‘पोटाचं ऑपरेशन झालं’ म्हणून विषय मिटवतात. संकोचामुळे आमची गरज तुमच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

भारतात हा आजार लाखात एकाहूनही कमी पुरुषांना होतो. पण होतो तो बहुधा ऐन तारुण्यात, पंधरा ते चाळिशीच्या दरम्यान. आणि तो बरा होतो. 1974 मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन हे औषध इतर औषधांच्या जोडीने वापरायला सुरुवात केली आणि या आजाराचं भवितव्यच पालटलं. आज तो शरीरात पसरलेला असला, तरी बहुसंख्य रुग्ण वाचतात. पंचविशीतल्या मुलापुढे मग चाळीस-पन्नास वर्षांचं आयुष्य उरतं. माझं म्हणणं त्या वर्षांबद्दल आहे.

ज्या औषधाने वाचवलं, त्याचे अंश उपचारांनंतर वीस वर्षांपर्यंत रक्तात सापडले आहेत. किमो घेतलेल्यांना रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वाढतं वजन आणि हृदयविकार यांचा धोका अधिक असतो. कुणाची पावलं बधिर राहतात, कुणाच्या कानात सतत आवाज येतो. किमोतल्या ब्लिओमायसिन या औषधामुळे फुप्फुसांना इजा होऊ शकते. काहींचं टेस्टोस्टेरॉन घटतं; मग थकवा येतो, मन उदास राहतं. त्यात प्रत्येक सीटी स्कॅनच्या आधी ‘परत तर आला नसेल?’ ही धास्ती.

यातल्या बऱ्याच गोष्टींवर व्यायामाचा उपयोग होतो. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी आमच्यासारख्या 63 पुरुषांवर केलेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाने 12 आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली ट्रेडमिलवर जोरकस व्यायाम केला. मध्येमध्ये वेग कमी करून दम घेतला. त्यांची हृदय-फुप्फुसांची क्षमता वाढली, रक्तवाहिन्यांचं आरोग्य सुधारलं. पुढच्या वर्षी आलेल्या निष्कर्षांत थकवा घटल्याचं आणि स्वतःबद्दलचा आत्मविश्वास वाढल्याचंही दिसलं.

मला त्यातला एक आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. व्यायामाच्या गटातल्या पुरुषांनी 99 टक्के सत्रांना हजेरी लावली. आम्हाला मात्र नेहमी ऐकावं लागतं की, पोरांना इच्छाच नसते. त्या पुरुषांकडे ठरलेला दिवस होता, ठरलेली वेळ होती, वाट पाहणारं माणूस होतं आणि स्वतःच्या ताकदीला बेतून दिलेला व्यायाम होता. म्हणून इच्छा टिकली.

आमच्या हाती काय येतं? ‘आराम करा, जड उचलू नका, तीन महिन्यांनी मार्करची रक्ततपासणी करून या.’ जड उचलायची बंदी संपणार कधी, हे मला कुणीच सांगितलं नाही. कितीतरी महिने मी पाण्याची बादली उचलायलाही घाबरत होतो. घरी आई सुकामेवा समोर ठेवून म्हणायची, ‘धावपळ करू नकोस.’ तिची काळजी खरी होती. तिलाही कुणी काही समजावलं नव्हतं.

क्रिकेटपटू युवराज सिंगला याच जातीची गाठ छातीत झाली होती. त्याच्यावर डॉ. आइनहॉर्न यांच्याच देखरेखीखाली उपचार झाले आणि सप्टेंबर 2012 मध्ये तो पुन्हा भारताकडून खेळला. त्याच्या जिद्दीला तोड नाही. पण राष्ट्रीय संघातल्या खेळाडूला फिजिओ आणि प्रशिक्षक मिळतात. जिद्द बीडच्या आणि गडचिरोलीच्या मुलातही असते. त्याला तो फिजिओ मिळवून देणं तुमच्या हाती आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

1. डिस्चार्ज कार्डावर औषधांइतकाच स्पष्ट, मराठीत, व्यायाम लिहा : कोणता, किती मिनिटं, आठवड्यातून किती दिवस, कधीपासून. मध्यम गतीचा 30 मिनिटांचा व्यायाम आठवड्यातून तीनदा केल्यास थकवा, चिंता आणि नैराश्य कमी होतं, असं 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने नोंदवलं आहे. सुरुवात तिथून करता येईल.

2. त्याआधी फुप्फुसं, हृदय, पावलांची बधिरता आणि ऑपरेशनची जखम तपासा. सरसकट ‘जिमला जा’ सांगणं धोक्याचं ठरू शकतं.

3. पहिले तीन महिने प्रत्येकाला एक फिजिओथेरपिस्ट नेमून द्या. गावाकडच्या रुग्णाला जिल्हा रुग्णालयाशी जोडा आणि मधल्या आठवड्यांत त्याची फोनवर चौकशी करा.

4. फॉलो-अपला मार्कर आणि स्कॅनसोबत रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, टेस्टोस्टेरॉन पाहा आणि मन कसं आहे तेही विचारा. हार्मोन कमी असलेल्या मुलाला आळशी ठरवणं हा अन्याय आहे.

5. उपचारांनंतरच्या या सेवेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करा, आणि बरे झालेल्यांना नव्या रुग्णांशी बोलण्याची संधी द्या. ‘मी पळतो, तूही पळशील’ हे आमच्या तोंडून ऐकलं की भीती लवकर जाते.

यात महाराष्ट्राला अपरिचित असं काही नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात बालपणी कर्करोग झालेल्यांसाठी उपचारानंतरचं स्वतंत्र क्लिनिक 1991 पासून चालतं. तीच दृष्टी तरुणांपर्यंत न्या. तालुक्यांतली क्रीडा संकुलं आहेत, फिजिओथेरपी महाविद्यालयं आहेत. त्यांना रुग्णालयांशी जोडणारा आदेश हवा आहे. तो काढा, अंमलबजावणीची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर सोपवा आणि त्याचं नाव जाहीर करा. या कामात आम्ही बरे झालेले रुग्ण आमचा वेळ द्यायला तयार आहोत.

आपला,
वृषणाच्या कर्करोगातून बरा झालेला एक नागरिक