२.९६ ला किती गुण?

साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांमध्ये एक समजूत फार खोलवर मुरलेली आहे. ती अशी, की मराठीच्या उत्तरपत्रिकेचे गुण परीक्षकाच्या लहरीवर ठरतात आणि विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेचे गुण सत्यावर. रसग्रहणाला तीनच गुण का, चार का नाहीत, असे कोणी विचारले तर आम्ही ओशाळतो. जीवशास्त्राच्या शिक्षकाला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आम्हांला ही समजूत मान्य नाही. महाराष्ट्रात बारावीच्या जीवशास्त्राची उत्तरपत्रिका ज्या रीतीने तपासली जाते, तिला विज्ञानाची शिस्त म्हणणे हा विज्ञानाचा अपमान आहे. ती वाईट वाचनाची रीत आहे. आणि वाईट वाचन हा आमच्याच प्रांतातला विषय असल्यामुळे त्यावर बोलण्याचा अधिकार आम्ही घेत आहोत.

आधी परीक्षेची रचना पाहू. शंभर गुणांपैकी ३० प्रात्यक्षिकाचे आणि ७० लेखी परीक्षेचे. लेखी परीक्षेत १० गुण बहुपर्यायी प्रश्नांना, ८ गुण एका वाक्यातल्या उत्तरांना. उरलेले ५२ गुण दोन, तीन व चार गुणांच्या सविस्तर उत्तरांना आहेत. म्हणजे सुमारे पाऊणहिस्सा परीक्षा लिहून सांगण्याची आहे. आकृत्या असतील, तक्ते असतील, पण त्यांच्या भोवती वाक्ये आहेत, आणि वाक्यांमध्ये कार्यकारणभाव असणे अपेक्षित आहे. ही वाक्ये परीक्षक तपासतो, त्याच्या कामावर नियामक आणि त्याच्यावर मुख्य नियामक नजर ठेवतो. साऱ्यांच्या हाती आदर्श उत्तरपत्रिका असते. तिच्यात उत्तराचे मुद्दे पाडलेले असतात आणि मुद्द्यागणिक अर्धा किंवा एक गुण वाटलेला असतो. मुद्दा दिसला की बरोबरची खूण करायची, खुणा मोजायच्या आणि बेरीज करायची. दोन खुणांच्या मध्ये विद्यार्थ्याने काय म्हटले आहे, हे वाचण्याची गरजच या पद्धतीने उरू दिलेली नाही.

या पद्धतीत काय निसटते ते मेंडेलच्याच वाटाण्यांवरून पाहता येईल. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने आपली मोजदाद दिली आहे. संकरित अशा २५३ झाडांपासून त्याला ७,३२४ बिया मिळाल्या. त्यांपैकी ५,४७४ गोल होत्या आणि १,८५० सुरकुतलेल्या. हे गुणोत्तर २.९६ ला १ असे येते. तीनास एक हा आकडा शेतात उगवलेला नव्हता, तो मेंडेलने २.९६ मध्ये पाहिला. मोजलेला आकडा आणि मनाशी धरलेला नियम यांच्यामधल्या या छोट्याशा फटीत विज्ञान राहते. आमच्या उत्तरपत्रिकेत मात्र ३:१ लिहायचे, चौकटींचा तक्ता काढायचा, नियमाचे नाव द्यायचे आणि पुरे गुण घ्यायचे. आता अशी एक विद्यार्थिनी कल्पावी, जी लिहिते की हे गुणोत्तर संभाव्यतेचे आहे, चार बिया घेतल्या तर तीन गोल निघतीलच असे नाही, बियांची संख्या वाढेल तसतसे ते तीनाच्या जवळ सरकते. मात्र नियमाचे पाठ्यपुस्तकी नाव तिला ऐन वेळी आठवत नाही. मुद्द्यांच्या यादीत तिच्या या समजेला घर नाही आणि विसरलेल्या नावाला मात्र आहे. तिचा अर्धा गुण जातो. शेजारच्या बाकावर ज्याने नाव लिहिले आणि त्याचा अर्थ कधी विचारला नाही, त्याला तो मिळतो.

या पद्धतीच्या बाजूने एक चांगला युक्तिवाद आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. दहावीपर्यंत पेशी, हरितलवक, प्रकाशसंश्लेषण, आनुवंशिकता या शब्दांत विज्ञान शिकलेली मुले अकरावीला विज्ञान शाखेत येतात तेव्हा माध्यम व्यवहारात इंग्रजी झालेले असते. त्यांची वाक्ये मोडकी असतात. मुद्द्याला गुण देणारा परीक्षक निदान त्यांच्या व्याकरणाला शिक्षा करत नाही, असे म्हटले जाते. हे खरे आहे, पण अर्धेच. व्याकरणाला माफी मिळते ती नेमकी संज्ञा जागेवर असेल तर. संज्ञा पाठ करून घेणारे वर्ग आणि मार्गदर्शके ज्यांना परवडतात त्यांच्या ती जागेवर असते. ज्या मुलाने गोष्ट मराठीत समजून घेतली आणि तुटक्या इंग्रजीत, स्वतःच्या शब्दांत, कशीबशी पण बरोबर मांडली, त्याच्या वाक्यात खूण करायला नेमका शब्द सापडत नाही. दया म्हणून सांगितली जाणारी ही व्यवस्था सर्वांत जास्त त्यालाच महाग पडते.

दुसरा आक्षेप संख्येचा. बारावीला दरवर्षी सुमारे १४-१५ लाख विद्यार्थी बसतात. परीक्षकासमोर गठ्ठे, हाताशी थोडे दिवस, मोबदला क्षुल्लक, आणि विनाअनुदानित शिक्षकांच्या पगाराची कथा सर्वांना ठाऊक आहे. आपल्या मागण्यांकडे लक्ष वेधण्यासाठी तपासणीवर बहिष्कार टाकण्याची वेळ ज्यांच्यावर वारंवार येते, त्यांना आणखी मन लावून वाचा असे सांगण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. आमचे भांडण परीक्षकाशी नाही, त्याच्या हाती दिलेल्या यादीशी आहे. एकरूपता हवी हे मान्य. पण एकरूपता म्हणजे न्याय नव्हे. शंभर परीक्षकांनी एकच उत्तर एकाच पद्धतीने चुकीचे वाचले, तरी ती एकरूपताच.

आणि या वाचनाला जाब विचारण्याची सोय किती? १९८४ मध्ये आपल्याच राज्य मंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तरपत्रिका पाहण्यास व पुनर्मूल्यांकनास मनाई करणारा मंडळाचा नियम वैध ठरवला. मुंबई उच्च न्यायालयाने तो आधी रद्द केला होता. पुढे २०११ मध्ये, माहितीच्या अधिकाराखाली, विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते असा निर्णय त्याच सर्वोच्च न्यायालयाने दिला. आज शुल्क भरून छायाप्रत मिळते आणि पुनर्मूल्यांकनही मागता येते. पण छायाप्रतीत दिसते काय? समासात खूण आणि आकडा. कारण दिसत नाही, कारण ते कोणी लिहिलेलेच नसते.

यावर शहाणे लोक म्हणतील, की बारावीच्या जीवशास्त्राचे गुण आता विचारतो कोण? वैद्यकीय प्रवेश ‘नीट’वर होतो, बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के पडले की झाले. आमच्या मते म्हणूनच हा प्रश्न गंभीर आहे. ‘नीट’च्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे असतात आणि ते सारे ९० प्रश्नांच्या पर्यायांत मिळवायचे असतात. तेथे एक वाक्यही लिहावे लागत नाही. तेव्हा उद्याच्या डॉक्टरने सजीवांविषयी सलग चार वाक्ये लिहावीत आणि कोणी जाणत्याने ती वाचावीत, अशी वैद्यकीय महाविद्यालयाच्या अलीकडची शेवटची जागा म्हणजे हे ५२ गुण. रुग्ण काही चार पर्याय घेऊन दारात येत नाही. तो हकिकत सांगतो, आणि ती विस्कळीत असते. जे डॉक्टर होणार नाहीत, आणि तेच बहुसंख्य आहेत, त्यांनाही लस, साथ, बियाणे यांविषयी कोणाचे म्हणणे का खरे मानायचे, हे आयुष्यभर ठरवावे लागणार आहे.

उपाय फार अवघड नाहीत. प्रत्येक विषयाची आदर्श उत्तरपत्रिका मंडळाने निकालाबरोबर सर्वांसाठी प्रसिद्ध करावी. तिच्यात शब्दांची यादी देण्याऐवजी तीन गुणांच्या उत्तराने काय सिद्ध करून दाखवायला हवे ते लिहावे, आणि ‘का’ विचारणाऱ्या प्रश्नात निदान एक गुण कारणमीमांसेसाठी राखून ठेवावा. मराठी संज्ञेत लिहिलेले बरोबर उत्तर बरोबर धरावे. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही मिळते, तेव्हा मराठीत जीवशास्त्र मावत नाही ही सबब आता चालणार नाही. आणि परीक्षकाला वाचायला पुरेल इतका वेळ व मोबदला द्यावा.

साहित्याच्या अध्यापकांनी हे परक्याचे दुखणे समजू नये. मराठीच्या कृतिपत्रिकेत चौकटी पूर्ण करा, आकृती पूर्ण करा, हे आपल्याकडे कधीच आले आहे. रसग्रहणाचेही ठरावीक मुद्दे पाडून वर्गात लिहवून घेतले जातात. जीवशास्त्राला आम्ही वस्तुनिष्ठ समजून हेवा करत राहिलो, आणि त्याची यादी तेवढी उचलून आणली. मेंडेलची मोजदाद मात्र तिथेच राहिली.