कोण कोण येतंय, एवढं विचारून भागणार नाही

नदी गावात शिरली, दरड कोसळली किंवा जमीन हादरली, की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो: "कोण कोण येतंय?" तासाभरात वीस-पंचवीस नावं जमतात. कुणी गाडी देतो, कुणी जुम्याला चंदा गोळा करायची जबाबदारी घेतो, कुणी बॅनरचं डिझाइनसुद्धा टाकतो. ही तत्परता मला मनापासून आवडते. संकटाच्या बातम्या नुसत्या पाहत न बसता उठून निघणारी मुलं आपल्याकडे आहेत, ही छोटी गोष्ट नाही. पण त्या मेसेजनंतर तीन प्रश्न फार क्वचित विचारले जातात. तिथे नेमकं काय हवंय? आपल्यापैकी कुणाला काय येतं? आणि आपण किती दिवसांसाठी चाललोय?

माझं म्हणणं असं, की या तीन प्रश्नांची उत्तरं हातात नसतील तर त्या दिवशी निघू नये. बुडालेल्या गावाकडे आधीच पाणी कमी, जागा कमी, धान्य कमी. तिथे विनातयारीची वीस माणसं पोचली, की त्यांच्या जेवणाची, झोपण्याची आणि सुरक्षिततेची काळजीही त्याच गावाच्या डोक्यावर येते.

आपल्या जिल्ह्याला हे समजायला लांबची उदाहरणं नकोत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. आपल्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. तीच घरं लोकांच्या अंगावर आली. किल्लारी, सास्तूर, होळी अशी बावन्न गावं उद्ध्वस्त झाली. साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. मी तेव्हा उमरग्यात चौथीत होतो. त्यामुळे माझ्या स्वतःच्या आठवणींपेक्षा वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं जास्त आहे. ते सांगतात, की पहिल्या काही तासांत ढिगाऱ्याखालून माणसं काढली ती शेजाऱ्यांनी आणि आसपासच्या गावांनी, हाताने आणि खोऱ्याने. मग लष्कर आलं, संस्था आल्या, आणि नुसतं बघायला येणाऱ्यांचीही एवढी गर्दी झाली की रस्ते अडले. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पावसात भिजत पडले. देणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

त्याच भूकंपातून या जिल्ह्याला दुसरी एक गोष्टही शिकायला मिळाली, आणि ती आपल्या तरुणांना फारशी माहीत नाही. घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. सरकारची योजना काय आहे, पैसे कसे मिळतात, भिंत कशी बांधली म्हणजे पुढच्या धक्क्यात टिकेल, हे त्या आधी शिकल्या आणि मग शेजारणींना समजावू लागल्या. २६ जानेवारी २००१ ला गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायकांपैकी काही जणी तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. स्वतःचं गाव उभं करताना काय काय झेललं, ते त्यांना ठाऊक होतं. घर बांधताना बाईला विचारलं नाही तर काय होतं, हेही ठाऊक होतं. आपत्तीत मदतीला निघण्याची तयारी म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी या बायकांकडे बोट दाखवतो. त्यांची तयारी जाण्याच्या आदल्या रात्री झाली नव्हती. ती सात वर्षांची होती.

२०१८ च्या केरळच्या महापुरातही तेच दिसलं. तिथल्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवल्या आणि बुडालेल्या भागात उतरवल्या. पाणी कसं वागतं, होडीत किती माणसं बसवायची, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. ज्याला जे येतं तेच त्याने नेलं. आपल्याकडे समुद्र नाही आणि होड्याही नाहीत. पण आपल्या मोहल्ल्यांत वायरमन आहेत, मोटार मेकॅनिक आहेत, वेल्डर आहेत, गवंडी आहेत, नर्स आणि फार्मासिस्ट झालेल्या मुली आहेत, ट्रॅक्टर चालवणारे आहेत. पूर ओसरल्यावर गावाला सगळ्यात आधी हीच माणसं लागतात. गाळात बसलेली मोटार सुरू करून देणारा एक मेकॅनिक हा सेल्फी काढणाऱ्या पन्नास जणांपेक्षा गावाच्या जास्त लक्षात राहतो.

२०२५ च्या सप्टेंबरात पाणी आपल्याच दारात आलं. परंडा, भूम, वाशी, कळंब या तालुक्यांत पिकं गेली, जनावरं वाहून गेली, जमीन खरडून निघाली. परंड्यात लोकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा जिल्हा, त्यामुळे पुराशी कसं वागायचं याची कुणालाच सवय नव्हती. धाराशिवहून आमचा नऊ जणांचा गट परंड्याकडे निघाला, तेव्हा निघण्याआधीचा एक अख्खा दिवस आम्ही फोनवर घालवला. ज्या गावात जायचं होतं तिथल्या ग्रामसेवकाला आणि एका शिक्षकाला विचारलं. दोघांनी एकच सांगितलं: कपडे आणू नका. ताडपत्री, टॉर्च, पिण्याचं पाणी आणि जनावरांना चारा आणा. चारा हा शब्द आमच्या यादीत कुठेच नव्हता. शहरातल्या माणसाला पूरग्रस्त म्हटलं की माणूस दिसतो. शेतकऱ्याला आधी दावणीची गाय दिसते. अर्धी पिकअप कडब्याने भरली, ती त्या एका फोनमुळे.

दुसरी गोष्ट तारखेची. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती. तुळजाभवानीचा जिल्हा, घरोघरी नवरात्राचे उपवास. अशा दिवसांत आपल्या सवयीप्रमाणे बिर्याणीची देग घेऊन पोचणं म्हणजे अर्ध्या गावाला उपाशी ठेवणं. आम्ही भगर, शेंगदाणे, गूळ, केळी आणि दूध पावडर नेली. यात कुणावर उपकार नाहीत आणि कुणापुढे झुकणंही नाही. पाहुण्याला काय चालतं हे विचारून ताट वाढायचं, ही आपल्याच घरातली रीत आहे.

आता त्या बॅनरबद्दल बोलतो, कारण खरी अडचण तिथे आहे.

आपल्यातले बरेच जण मदतीला निघताना मनात आणखी एक ओझं घेऊन निघतात. "मुसलमानही मदत करतात हे दिसलं पाहिजे." हे ओझं कुठून आलं ते मला माहीत आहे. दिवस असे आहेत, की आपल्याबद्दलची अफवा एका मिनिटात पोचते आणि चांगली बातमी पोचतच नाही. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला आणि त्याच दिवसांत बकरी ईद आली. अनेक ठिकाणी ईद साधेपणाने झाली आणि कुर्बानीसाठी ठेवलेला पैसा पूरग्रस्तांकडे गेला. अशा गोष्टी लोकांपर्यंत जाव्यात असं वाटणं चुकीचं नाही. माझे काही मित्र म्हणतात, की फोटो टाकला नाही तर आपलं काम कुणी मोजणार नाही, आणि न मोजलेल्या कामाने समाजाबद्दलचं मत बदलत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे.

तरीही मी बॅनरच्या विरोधात आहे. आपण या देशाचे आहोत याचा दाखला कुणाच्या चिखलात बसलेल्या घरासमोर उभं राहून द्यायचा नसतो. तो द्यायची गरजही नाही. आणि ज्या क्षणी आपण दाखल्यासाठी निघतो, त्या क्षणी आपली तयारी बदलते. फोटोत दिसेल अशी वस्तू आपण नेतो. चारा फोटोत चांगला दिसत नाही, टीसीएल पावडर तर दिसतच नाही. रस्त्यालगतच्या गावात वाटप होतं, आतल्या वस्तीवर कुणी जात नाही. ज्या बाईचं सगळं वाहून गेलं तिला पिशवी हातात धरून कॅमेऱ्याकडे बघायला लावलं जातं. २०२५ च्या पुरात आपल्या जिल्ह्यात मदतीच्या पिशव्यांवर नेत्यांचे फोटो छापल्याबद्दल केवढी टीका झाली, ते आपण पाहिलं. टीका करणाऱ्यांत आपणही होतो. मग तोच नियम आपल्याला लागू नको का?

गावाला कळायचं ते कळतंच. दोन दिवस विहिरीतला गाळ उपसणाऱ्या पोरांना म्हातारी माणसं स्वतःहून विचारतात, "कुठली रे पोरं तुम्ही? नाव काय?" त्या वेळी सांगितलेलं नाव बॅनरवरच्या नावापेक्षा जास्त लांब जातं.

तेव्हा तयारी काय करायची, ते सरळ सांगतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्यातल्या मदतकार्याची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. निघण्याआधी नियंत्रण कक्षाशी बोला. त्यासाठी १०७७ हा क्रमांक आहे. तहसील कार्यालयात गटाची नावं, गाडीचा नंबर आणि जायचं गाव लेखी द्या, आणि त्याची पोच खिशात ठेवा. आपल्या मुलांना तर हे जास्तच गरजेचं आहे. अनोळखी गावात रात्री गाडी अडवली, तर तो कागद आणि आधार कार्ड खूप काम करतात.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, त्याच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. गमबूट आणि जाड हातमोजे न्या, कारण गाळात काच, पत्रा आणि साप तिन्ही असतात. पोहता येत नसेल तर पाण्यात उतरायचं नाही, आणि येत असलं तरी वाहत्या पाण्यात दोराशिवाय उतरायचं नाही. स्वतःचं तीन दिवसांचं खाणं, पाणी, अंथरूण, औषधं आणि पॉवर बँक स्वतःची. जानमाज सोबत ठेवा, नमाजसाठी गावाकडे जागा मागायची वेळ येऊ देऊ नका. उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. इथे उंट म्हणजे ही यादी.

गटात मुली हव्यातच. सॅनिटरी पॅड, अंतर्वस्त्रं, आंघोळीचा आडोसा, गरोदर बाईची औषधं, या गोष्टी कोणतीही बाई परक्या पुरुषाला सांगणार नाही. फक्त पुरुषांचा गट अर्ध्या गावाशी बोलू शकत नाही. आणि चंद्याचा हिशोब, आलेला रुपया आणि गेलेला रुपया, परत आल्यावर आठवड्याच्या आत ग्रुपवर टाका.

सगळ्यात महत्त्वाची तयारी दुसऱ्या फेरीची आहे. पहिल्या आठवड्यात सगळे येतात, महिन्याने कुणी नसतं. गावाची खरी अडचण तेव्हा सुरू होते. पंचनाम्यात नाव आलं नाही, आधार कार्ड वाहून गेलं, पासबुक भिजलं, मुलांची वह्या-पुस्तकं गेली. ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांचे हाल तर वेगळेच: शेतमजूर, भाड्याने राहणारे, चार शेळ्या पाळणाऱ्या विधवा, आठवडी बाजारात बसणारे. यांत आपली माणसंही पुष्कळ असतात आणि इतरांचीही. अर्ज लिहिता येणारा, तलाठ्याकडे तीनदा चकरा मारायची चिकाटी असलेला एक पदवीधर या लोकांना शंभर किटपेक्षा मोलाचा आहे. १९९३ नंतर भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलांना शिकायला पुण्याला नेलं, आणि नळदुर्गजवळ अनाथ मुलांसाठी 'आपलं घर' उभं राहिलं. लोकांच्या आयुष्यात फरक पडला तो अशा वर्षानुवर्षं चाललेल्या कामांमुळे.

म्हणून पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता एवढं करा. आपल्या गावातल्या वायरमन, नर्स, ड्रायव्हर, पोहणारे आणि अर्ज लिहू शकणारे यांची नावं-नंबर एका वहीत लिहा. 'आपदा मित्र' प्रशिक्षणाची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा. प्रथमोपचार शिकायला गटातल्या दोघांना तरी पाठवा, त्यातली एक मुलगी असू द्या. मोहल्ल्यापुरती यादी करू नका, शेजारच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या पोरांनाही विचारा. त्यांच्याकडे ढोल-ताशाच्या टेम्पोपासून दोरखंडापर्यंत बरंच काही असतं. मग "कोण कोण येतंय" हा मेसेज येईल, तेव्हा वही उघडा आणि आधी त्या गावाला फोन लावा.