फेरफाराचा कायदा : धोका कोणाचा, दंड कोणाला?



मोटारवाहन कायदा हा ट्रकवाल्यांचा आणि रिक्षावाल्यांचा विषय, रेल्वे व टपाल कामगारांचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न आमच्या एका शाखेच्या सभेत एका सभासदाने विचारला. प्रश्न रास्त होता. पण त्याचे उत्तर त्याच सभेच्या दारात उभे होते. ते म्हणजे आमच्या एका गँगमन बंधूची स्कूटर.

या बंधूचा डावा पाय यार्डातल्या अपघातात गुडघ्याखाली गेला. युनियन पाठीशी उभी राहिली, नोकरी टिकली, टाईम ऑफिसात बैठे काम मिळाले. पण क्वार्टरपासून ऑफिस चार किलोमीटर, आणि पहिल्या पाळीच्या वेळेला बस नाही. म्हणून त्याने आपल्या जुन्या स्कूटरच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आधाराची चाके बसवून घेतली. वस्तीतल्या गॅरेजच्या मिस्त्रीने वेल्डिंग करून ती चोख बसवली. एके दिवशी नाक्यावर त्याला अडवले. गाडीत फेरफार केला आहे, परवानगीचा कागद दाखवा. कागद नव्हता. कागद आणायला तो परिवहन कार्यालयात गेला, तर या खिडकीवरून त्या खिडकीवर. शेवटी उत्तर मिळाले, "कंपनीकडून लिहून आणा." कुबडी घेऊन तीन खेपा घातल्या, तीन रजा गेल्या, हाती काही नाही.

बंधूंनो, हा एकट्याचा प्रश्न नाही. म्हणून हा कायदा काय आहे आणि तो कसा बदलत गेला, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

मोटारवाहन कायदा १९८८ चा. त्याचे कलम ५२ गाडीतल्या फेरफाराबद्दल आहे. मूळ कलम सरळ होते. मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला सूचना द्यावी, अधिकाऱ्याने सात दिवसांत होकार की नकार ते टपालाने कळवावे, आणि सात दिवसांत पत्र आले नाही तर मंजुरी मिळाली असे समजावे. टपाल बंधूंनी हे लक्षात घ्यावे. सामान्य माणसाच्या हक्काचे घड्याळ तुमच्या पिशवीवर चालत होते, आणि कार्यालयाच्या आळसाची किंमत माणसाला मोजावी लागत नव्हती.

सन २००० च्या दुरुस्तीने हे चित्र पालटले. उत्पादकाने मुळात जो तपशील ठरवला, त्याच्याशी विसंगत फेरफार करू नये, असा नियम आला. इंधन बदलाचे मान्यताप्राप्त किट किंवा इंजिन बदलणे अशा थोड्या गोष्टींना वाट ठेवली. म्हणजे तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या जागी गाडी विकणाऱ्या कंपनीचा कागद प्रमाण झाला. पुढे केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी याच कलमाचा अर्थ कडक लावला आणि उच्च न्यायालयाचा सैल अर्थ रद्द केला. त्याच वर्षी संसदेने मोठी दुरुस्ती केली. कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात ठरवली. दर फेरफारामागे! म्हणजे आमच्या गँगमन बंधूची दोन चाके हा एक फेरफार की दोन, हे कोण ठरवणार? नाक्यावरचा हवालदार?

या विधेयकांविरुद्ध वाहतूक कामगार गप्प बसले नव्हते. ३० एप्रिल २०१५ आणि ७ ऑगस्ट २०१८ या दोन्ही दिवशी त्यांनी देशभर संप केला. भाड्याचा, परवान्यांचा, राज्यांच्या अधिकाराचा आणि एस.टी. सारख्या सार्वजनिक सेवांचा प्रश्न त्यात होता. तेव्हा आपल्यापैकी कितीजण त्यांच्या सभेला गेलो? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारतो.

आता कोणी म्हणेल, युनियनवाले बेशिस्तीची बाजू घेतात. मुळीच नाही. शिस्त आम्हाला शिकवू नका. रेल्वेत आर.डी.एस.ओ.च्या ड्रॉईंगशिवाय डब्याला एक भोकही पाडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. रस्त्यावरच्या बेफाम फेरफाराचा त्रास सर्वात आधी आम्हालाच होतो. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर फाटकापाशी ४.६७ मीटर उंचीचा गेज लावलेला असतो, कारण वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. बॉडी उंच करून घेतलेला ट्रक त्या गेजला धडकतो, तेव्हा जीव मुठीत धरून गेटमन धावतो, ट्रकचा मालक नव्हे. रात्रपाळी करून आलेला लोको पायलट रनिंग रूममध्ये डोळा लावतो, तेव्हा खिडकीखालून फटाके फोडणारा सायलेन्सर जातो. पुरी न झालेली झोप घेऊनच त्याला पुढची गाडी हाकावी लागते. संध्याकाळी सायकलवरून परतणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाच्या डोळ्यांवर समोरून पांढरा झोत येतो आणि तो खड्ड्यात जातो. गाड्यांच्या पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितले, कारण त्या लोखंडाने पादचारी चिरडतो. काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली. या बंद्यांना आमचा पाठिंबा आहे.

मग आमचे भांडण कशाशी आहे? भांडण या गोष्टीशी आहे, की फटाके फोडणारा सायलेन्सर आणि लंगड्या कामगाराची दोन चाके एकाच मापाने मोजली जातात. फेरफाराने कोणाच्या जिवाला धोका आहे, हे माप असायला हवे. ते बाजूला राहिले, आणि कंपनीच्या कागदात बसते की नाही, हे माप झाले.

फेरफार ही गोष्टच वाईट असती, तर रेल्वेचे वर्कशॉप कधीच बंद पडले असते. प्रवासी सेवेतून निघालेले जुने डबे कापून-जोडून आपल्याच कामगारांनी मोटारी वाहून नेणाऱ्या एन.एम.जी. वॅगन बनवल्या. आज कारखान्यातून निघालेल्या नव्या कोऱ्या मोटारी अशा फेरफार केलेल्या डब्यांतून देशभर जातात. वाराणसीच्या कारखान्यात कामगारांनी जुन्या डिझेल इंजिनांचे विजेचे इंजिन करून दाखवले, ते २०१९ मध्ये रुळावर आले. २०२० च्या कोरोनात पाच हजारांहून अधिक डब्यांचे दवाखाने आपण केले. तेथे कोणी "मूळ उत्पादकाकडून लिहून आणा" म्हटले नाही. ड्रॉईंग होते, चाचणी होती, तपासून सही करणारा जबाबदार माणूस होता. म्हणून आमचे म्हणणे असे, की फेरफार गुन्हा नाही, तपासणीविना फेरफार गुन्हा आहे. आणि तपासणी मागणाऱ्याला जर सरकार दार उघडत नसेल, तर गुन्हेगार कोण?

शिक्षेचा भार कोणावर पडतो तेही पाहा. सुटे भाग विकणाऱ्याला याच कलमात एक वर्षापर्यंत कैद किंवा दर नगामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, असे लिहिले. पण कोणत्या भागासाठी? केंद्राने 'अतिमहत्त्वाचा सुरक्षा भाग' म्हणून अधिसूचित केलेला भाग असेल तरच. बाकी सायलेन्सर, भोंगे, दिवे दुकानात राजरोस टांगलेले असतात. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. ज्या कारखान्यात ते बनले त्या कारखान्याचा फोटो कधी आला आहे का? किट बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला पुण्याच्या ए.आर.ए.आय. सारख्या संस्थेकडून मान्यता घेणे परवडते. गल्लीतल्या फिटरला ते परवडत नाही. हाताला कसब असलेला माणूस गुन्हेगार ठरतो आणि त्याचे गिऱ्हाईक कंपनीच्या दारात ढकलले जाते.

पण बंधूंनो, कायदा पुरता वाचलात तर त्यात आपल्या हातचे एक हत्यारही आहे. याच २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ च्या दुसऱ्या पोटकलमात असे लिहिले, की आपले वाहन अपंग व्यक्तीच्या वापरासाठी 'अनुकूलित वाहन' म्हणून बदलून घेता येईल, केंद्राच्या अटी पाळाव्या लागतील, आणि नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी नंतर घेतली तरी चालेल. नंतर! म्हणजे "कंपनीकडून लिहून आणा" म्हणणारी खिडकी चुकीची होती आणि आमचा गँगमन बंधू बरोबर होता. कायद्याने दिलेले खिडकीने नाकारले. असे किती बंधू-भगिनी, किती सेवानिवृत्त, आपला हक्क ठाऊक नसल्यामुळे पाच-पन्नास रुपये हातावर टेकवून नाका पार करत असतील?

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१) फेरफारांची वर्गवारी धोक्याप्रमाणे करा. दुसऱ्याच्या जिवाला घातक ते बंद, तपासून चालणारे ते तपासून, आणि टपालाची पिशवी ठेवायला लावलेले कॅरियर-पेटी यांसारखे निरुपद्रवी ते मोकळे.

२) निरुपद्रवी फेरफारासाठी सात दिवसांचा जुना नियम परत आणा. उत्तर आले नाही तर मंजुरी.

३) अनुकूलित वाहनांसाठी प्रत्येक परिवहन कार्यालयात महिन्यातून एक दिवस ठेवा. दलाल नको, फी नको, अर्जाची पोच हातात द्या.

४) कारवाई कारखान्यापासून आणि दुकानापासून सुरू करा, गिऱ्हाईकापासून नव्हे.

५) गॅरेज कामगारांना आय.टी.आय. मधून प्रशिक्षण व दाखला द्या. त्यांचे काम बंद पाडू नका, ते सुधारा.

६) नियमांचे मसुदे हिंदी-इंग्रजी राजपत्रात छापून मोकळे होऊ नका. मराठी, तमिळ, बंगालीतही काढा आणि कामगार संघटनांचे म्हणणे ऐकून घ्या.

शाखांनीही काम करायचे आहे. भुसावळ, दौंड, मनमाड असो की इटारसी, भोपाळ, सिकंदराबाद, हुबळी असो, प्रत्येक शाखेने आपल्या अपंग सभासदांच्या गाड्यांची यादी करावी, अर्ज लिहून द्यावेत आणि पदाधिकाऱ्याने स्वतः बरोबर जावे. आम्ही आमच्या गँगमन बंधूबरोबर चौथ्या खेपेला गेलो. कलमाची प्रत खिडकीवर ठेवली. अर्ज घेतला गेला, पोच मिळाली. मंजुरीचा पाठपुरावा चालू आहे आणि मिळेपर्यंत चालू राहील.

आणखी एक, घरचे. आपल्यापैकी कोणाच्या पोराने मोटारसायकलला फटाक्याचा सायलेन्सर लावला असेल, तर तो आजच काढून टाका. शेजारच्या क्वार्टरमध्ये आपलाच कोणी रात्रपाळीचा बंधू झोपलेला आहे. दुसऱ्याकडे न्याय मागणाऱ्याचे घर आधी स्वच्छ असले पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!