झाडाला नाव असते

मे महिन्यातील एखाद्या संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठाने चालत निघावे. पाणी उतरू लागलेले असते आणि पावसाळ्यात बुडून जाणारा संध्यामठ आपले दगडी अंग उघडे करून उभा असतो. रस्त्याच्या कडेला गुलमोहर फुललेला असतो, एखाद्या जुन्या आवारात बहाव्याचे पिवळे घोस लोंबत असतात. आणि त्याच वाटेवरच्या कुठल्याशा कुंपणभिंतीवर स्वच्छता अभियानाच्या रंगांत एक झाड काढलेले असते. तपकिरी दांडा, त्यावर हिरवा गोळा आणि खाली ‘झाडे लावा, झाडे जगवा’. हे झाड आंब्याचे नाही, वडाचे नाही, पिंपळाचेही नाही. ते नुसतेच ‘झाड’ आहे.

रंगाऱ्याविषयी आमची तक्रार नाही. त्याला जे सांगितले ते त्याने काढले. आमची तक्रार स्वतःविषयी आहे. हेच निनावी झाड गेली कित्येक वर्षे मराठीच्या वर्गात उभे आहे आणि ते तेथे आम्ही प्राध्यापकांनीच लावलेले आहे.

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणालाही ते ओळखता येईल. ‘निसर्ग येथे पार्श्वभूमी म्हणून येतो’, ‘निसर्गाचे मानवीकरण केले आहे’, ‘निसर्गाचे विलोभनीय चित्रण आढळते’ ही तीन वाक्ये कोणत्याही कवितेखाली लिहावीत, गुण मिळतात. संस्कृत काव्यशास्त्रातून आपण ‘उद्दीपन विभाव’ ही संज्ञा उचलली आणि निसर्गाची त्या खोक्यात कायमची सोय लावून टाकली. एकदा तो भावनेला चेतवणारे साधन ठरला, की तो कोणता, कुठला, कोणत्या महिन्यातला हे प्रश्न गैरलागू होतात. मग हिरव्या गोळ्यावर भागते.

बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता घ्या. अवघ्या आठ ओळी, आणि त्यांच्या अर्थावर मराठी समीक्षेने पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. औदुंबर वैराग्याचे प्रतीक की निराशेचे, यावर विद्यार्थी दोन पाने सहज लिहितात. एका वर्षी आम्ही वर्गात विचारले, उंबर कोणाला ओळखता येतो? मोजकेच हात वर झाले, आणि त्यांतील बहुतेक नृसिंहवाडीच्या आसपासच्या गावांतील मुलांचे होते. ‘उंबराचे फूल’ या वाक्प्रचाराचा अर्थ मात्र सर्वांना पाठ होता: दुर्मीळ वस्तू. ते दुर्मीळ का, हे कोणालाच सांगता आले नाही. उंबराची फुले फळासारख्या दिसणाऱ्या त्या गोळ्याच्या आत असतात आणि इवल्याशा कीटकांनी आत शिरल्यावाचून त्यांचे परागण होत नाही. कोणी अज्ञात मराठी माणसाने झाडाखाली उभे राहून निरीक्षण केले म्हणून हा वाक्प्रचार जन्मला. आपण त्याचा अर्थ ठेवला आणि झाड टाकून दिले.

कवीने आपल्या कवितेला ‘वृक्ष’ असे नाव दिले नाही, ‘औदुंबर’ दिले, एवढे तरी आपल्या ध्यानात यावयास हवे होते.

यात उन्हाळ्याचा वाटा मोठा आहे. मराठी काव्यरसिकतेचा सारा जीव पावसात गुंतलेला. त्यात आपले शैक्षणिक वर्ष असे, की निसर्गकविता शिकवावयाची ती खिडकीबाहेर धो धो पाऊस कोसळत असताना, आणि बहावा, ताम्हण, पांगारा, करवंद यांचे दिवस परीक्षांत व सुटीत बुडून जावयाचे. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. त्याचा जांभळा बहर ऐन उन्हाळ्यातला. दुर्गा भागवतांनी १९५६ साली ‘ऋतुचक्र’मध्ये बारा मराठी महिन्यांना समान प्रतिष्ठा दिली आणि वैशाखाकडेही तितक्याच उत्सुकतेने पाहिले. ते पुस्तक आपण ‘ललित गद्याचा उत्कृष्ट नमुना’ म्हणून नेमले, त्याच्या शैलीची वैशिष्ट्ये लिहून दिली, आणि पुस्तक मिटल्यावर बाहेर जाऊन पाहावे असे कोणाला सांगितले नाही.

उन्हाळ्यात आपण बाहेर पडतो ते कोकणात. गगनबावड्याचा किंवा आंबोलीचा घाट उतरून गाड्या किनाऱ्याला लागतात, छायाचित्रे निघतात, माशांचे ताट होते, आणि परतल्यावर प्रवासवर्णन तयार असते: अथांग सागर, रुपेरी वाळू, माडांची सळसळ. हे लिहावयास किनाऱ्यावर जाण्याची मुळी गरजच नव्हती. पायांखाली जांभळ्या फुलांची जी वेल वाळू धरून पसरलेली असते तिचे नाव मर्यादवेल. लाटांनी कोठपर्यंत यावे याची मर्यादा तिने आखली आहे, असे म्हणणारी एक अख्खी दृष्टी या एका शब्दात साठलेली आहे. शेजारचे सुरूचे बन मात्र मूळचे येथले नाही. सुरू ऑस्ट्रेलियाकडचा, माणसाने आणून लावलेला. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या परिसरात उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरंगीच्या कळ्या काढणे हा कित्येक घरांचा हंगाम असतो. आपल्या प्रवासवर्णनांत यांपैकी काय येते?

कोल्हापूरकरांना तर हे अंतर परके असू नये. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथून ते या शहरात आले. शिरोडे म्हणजे मिठागरांचे गाव. १९३० चा मिठाचा सत्याग्रह तेथे झाला. पहिल्या पावसाने मिठागरे बुडण्यापूर्वीचे कडक उन्हाचे दिवस हाच मीठ पिकण्याचा काळ. खांडेकरांच्या उपमा-उत्प्रेक्षांच्या सोसावर आपण तासन्‌तास बोलतो. पण ज्या गावात त्यांच्या उमेदीची अठरा वर्षे गेली, ते गाव उन्हात चालत पाहिलेले किती प्राध्यापक निघतील? आम्ही स्वतः फार उशिरा पाहिले, हे आधीच कबूल करतो.

यावर दोन आक्षेप येणार. पहिला असा, की साहित्य म्हणजे वनस्पतिशास्त्र नव्हे. मान्य. लॅटिन नावे पाठ करावीत असे आमचे म्हणणे नाही. पण प्रतिमा वस्तूवर उभी असते. वस्तूच ठाऊक नसेल तर वाचक प्रतिमा वाचत नाही, तिचा गाइडातील अर्थ वाचतो.

दुसरा आक्षेप असा, की ही सुखवस्तू लोकांची चैन आहे. खेड्यांतून येणाऱ्या, पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलांना या फेरफटक्यांचे काय? आमच्या मते वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडकडून येणाऱ्या मुलाला ऐन, किंजळ, हिरडा, नाणा ही झाडे लहानपणापासून ठाऊक असतात. निबंध लिहिताना मात्र तो ‘विविध प्रकारचे वृक्ष’ असे लिहितो. कारण प्रमाण, सुसंस्कृत मराठी म्हणजे हेच असे आपण त्याला शिकविले आहे. त्याचा शब्द आपण ‘ग्रामीण’ म्हणून बाजूला सारला आणि त्याच्या हाती हिरवा गोळा दिला. चैन कोणाची म्हणावयाची?

आपल्या परंपरेचा दाखलाही आपल्या विरुद्ध जातो. मराठी गद्याचा आरंभच चालण्यात आहे. चक्रधरांच्या भ्रमणातून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले, आणि ते कोठे थांबले, कोठे बसले याची नोंद ठेवण्यासाठी महानुभावांनी ‘स्थानपोथी’ रचली. गावाचे, देवळाचे, दिशेचे नाव चुकू नये ही केवढी आस्था! कोल्हापूरच्या चित्रकलेतही तीच आस्था होती. आबालाल रहमान (निधन १९३१) मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून या शहरात परतले आणि रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा या परिसरात हिंडून त्यांनी निसर्गचित्रे काढली. प्रकाश कोणत्या वेळचा, पाणी कोणत्या तळ्याचे, हे त्यांच्या चित्रात महत्त्वाचे असते. बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगविले, आपल्या चित्रपटांची पोस्टर्स केली. रस्त्यावर लागावयाचे चित्र म्हणून त्यांनी हात आखडता घेतला नाही. अशा शहराच्या भिंतींवर आज निनावी झाडे रंगविली जातात आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही, कारण आपले वाचनही तसेच झाले आहे.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न असता, तर एवढे लिहिले नसते. शहरातील झाड तोडावयाचे असेल तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार जाहीर नोटीस देऊन नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. हरकत घेणाऱ्याला ते झाड कोणते, ते किती जुने, त्यावर काय जगते हे सांगता आले पाहिजे. ‘झाड’ तोडले तर त्याच्या बदल्यात दुसरे ‘झाड’ लावता येते, हिशेब पुरा होतो. उंबर तोडला तर उंबर गेला असे म्हणणारा कोणी तरी असावा लागतो. तो माणूस घडविणे हे भाषेच्या शिक्षकाचे काम नाही, तर कोणाचे?

नव्या शैक्षणिक धोरणाने (२०२०) क्षेत्रीय प्रकल्पांना श्रेयांक मिळण्याची वाट खुली केली आहे. आपण ती मुलाखती आणि प्रश्नावल्यांत घालवून टाकू, अशी आम्हांला भीती वाटते. त्याऐवजी मराठीच्या विद्यार्थ्याने चैत्र ते ज्येष्ठ एकच वाट पुन्हा पुन्हा चालावी: रंकाळ्याचा काठ, टाउन हॉलची बाग किंवा आपल्या गावची पाणंद. वाटेवरच्या प्रत्येक झाडाचे स्थानिक नाव माळ्याला, गुराख्याला, आजीला विचारून टिपावे. भिंतीवर काय रंगविले आहे आणि भिंतीमागे काय उभे आहे, हे दोन्ही लिहावे. मगच ‘औदुंबर’ उघडावी. शिकविणाऱ्यांनी त्या वाटेवर बरोबर असावे, कारण नावे आपल्यालाही विचारावी लागणार आहेत.