खून घटले तरी भीती, अत्याचार वाढले तरी ‘खोटे’!



“गुन्हेगारी फार वाढलीय” हे वाक्य चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत रोज ऐकू येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे मात्र वेगळे बोलतात. १९९२ साली देशात सुमारे ४० हजार खून नोंदले गेले, २०२२ साली २८,५२२. मधल्या तीस वर्षांत लोकसंख्या दीडपटीहून जास्त झाली, तरी खून घटले. इतर गुन्हे ठाण्यातच दडपता येतात, प्रेत दडपणे कठीण. म्हणून हा आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा.

आता दुसरा आकडा पाहा. अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे २०२१ साली ५०,९०० गुन्हे नोंदले गेले, २०२२ साली ५७,५८२. वर्षात १३ टक्के वाढ! लोक तक्रारीला पुढे येऊ लागले, हेही त्यामागचे एक कारण असू शकते. पण समाजात समज कोणता पसरलाय? ‘अ‍ॅट्रॉसिटीचा गैरवापर होतो.’ म्हणजे जे घटले त्याची भीती, आणि जे वाढले त्यावर अविश्वास.

कारण समज आकड्यांवर नाही, बातम्यांवर पोसला जातो. आणि कुणाचे दुःख बातमी ठरेल, हे या देशात जात ठरवते. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. राष्ट्रीय माध्यमांना जाग यायला महिना लागला, तीही आपला समाज रस्त्यावर उतरल्यावर. पुढे कोर्टात शिक्षा झाली, पण अ‍ॅट्रॉसिटीचे कलम टिकले नाही.

‘आरोपी सुटला म्हणजे केस खोटी’ हा युक्तिवादही असाच. साक्षीदार फुटतात, तपास ढिला होतो, गावकी तडजोडीसाठी दबाव आणते. हे सगळे कोण करते?

हा समज निरुपद्रवी नाही. गैरवापराच्याच चर्चेतून २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील अटकेवर अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेला दुरुस्ती करावी लागली, आणि १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले. रस्त्यावर उतरलो नसतो, तर समजच कायदा झाला असता.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर वाद घालत बसू नका. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा घेणे नियमाने बंधनकारक आहे. तुमच्या जिल्ह्यात शेवटची बैठक कधी झाली, किती केसेस प्रलंबित आहेत, माहिती अधिकारात विचारा. आलेले उत्तर गावागावात वाचून दाखवा. समजाला उत्तर नोंदीनेच द्यायचे.