शुभमंगल... एक मिनिट थांबा!

परीक्षेचं टाइमटेबल नक्की कोण लावतं हे आपल्याला कधीच कळत नाही, म्हणून तर आपण त्या अज्ञात व्यक्तीला मनसोक्त शिव्या घालू शकतो. पण गेल्या मे महिन्यात पुण्यात माझ्या ताईचं लग्न झालं आणि त्याचं टाइमटेबल मी स्वतः लावलं होतं. त्यामुळे या लेखात शिव्या कुणाला घालायच्या हा प्रश्न पहिल्याच परिच्छेदात निकालात निघाला!

घरात इंजिनिअरिंगचा मुलगा असला की दोन कामं हमखास त्याच्या गळ्यात पडतात. एक म्हणजे बिघडलेला मिक्सर आणि दुसरं म्हणजे लग्नाचं नियोजन. मीही मोठ्या उत्साहाने लॅपटॉप उघडला. फोटोग्राफरने आधीच फोटोंची यादी पाठवली होती : मुंडावळ्या बांधताना, मेंदीचे हात, दोघांचे जोडीने, मैत्रिणींबरोबर उडी मारताना, वरून ड्रोनने... ती यादी समोर ठेवली आणि उरलेलं लग्न तिच्याभोवती बसवलं. मुहूर्त १२ वाजून २१ मिनिटांचा. दोघांचे फोटो ११.१५ ते ११.५५. मंगलाष्टकांना सात मिनिटं. एक्सेलचा तो रंगीत तक्ता बघून काका म्हणाले, "वा! फी वसूल झाली."

आता प्रत्यक्षात काय झालं ते ऐका. मे महिन्यातल्या दुपारचं ऊन म्हणजे फोटोचा शत्रू. पुण्यात १३ मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, साधारण १२ वाजून ३१ मिनिटांनी. उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते, शून्य सावली म्हणतात ती हीच. अशा उन्हात सावली जाते कुठे? कपाळाची डोळ्यांत आणि नाकाची ओठांवर! कार्यालयाच्या मागच्या बागेत फोटोग्राफर बिचारा पांढरी छत्री इकडून तिकडे हलवत होता. मग बाग सोडून जिना, जिना सोडून गच्चीचा दरवाजा. ताईचा मेकअप दोनदा पुसून पुन्हा केला. जो येईल त्याला एकच उत्तर, "एक मिनिट थांबा!"

खरं म्हणजे त्याने आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचची वेळ मागितली होती. तेव्हा मीच ऐटीत म्हणालो होतो, "सीमंतपूजन आहे, जमणार नाही." गोरज मुहूर्त धरणाऱ्यांना जे कळत होतं ते आम्हाला कळलं नाही. गाई घरी यायच्या वेळचा तिरपा, मऊ उजेड सगळ्यांनाच देखणं करतो. हल्ली त्यालाच 'गोल्डन अवर' म्हणतात, एवढंच.

क्रिटिकल पाथ आपण सगळेच शिकतो. ज्या कामांच्या साखळीत जराही सवड नसते, तिथलं एक काम लांबलं की शेवटची तारीख पुढे जाते. पण लग्नात शेवट पुढे जात नाही, मुहूर्त ठरलेला असतो. मग मधलं काहीतरी कापलं जातं. आणि कापलं जातं ते ज्याच्या बाजूने बोलायला कुणी नसतं ते.

मामाने ताईला बोहल्यावर आणलं तेव्हा घड्याळात १२ वाजून १७ मिनिटं झाली होती. गुरुजींनी माईक घेतला आणि चार मिनिटांत बसतील तेवढी मंगलाष्टकं म्हटली. शेवटचं संपलं, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, बँड वाजला. मी खूश! मुहूर्त गाठला होता.

मग माझं लक्ष आजीकडे गेलं. ती बोहल्याच्या पायरीशी उभी होती. एका हातात अक्षता तशाच, दुसऱ्या हातात चार घड्यांचा कागद. आजीने ताईसाठी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं. शार्दूलविक्रीडितात, एका ओळीत एकोणीस अक्षरं, दोन्ही घरांची नावं गुंफून. दहावीला 'म स ज स त त ग' आपण मार्कांसाठी पाठ केलं. आजी गेले दोन महिने दुपारची झोप सोडून तो हिशेब बोटांवर मांडत होती. म्हणायला फार तर एक मिनिट लागलं असतं. माझ्या तक्त्यात कानपिळीच्या फोटोला पाच मिनिटं होती (आणि तो विधी तीनदा करायला लावला, भावोजींचा कान तिसऱ्यांदा खरोखर लाल झाला). आजीच्या मंगलाष्टकाला मात्र ओळच नव्हती.

संध्याकाळी पाठवणी झाल्यावर मी आजीला म्हटलं, "आत्ता म्हण ना, मी मोबाईलवर रेकॉर्ड करतो. ताईला पाठवू."

ती म्हणाली, "लग्न लागल्यावर मंगलाष्टक म्हणत नाहीत रे बाळा." आणि कागद बटव्यात ठेवून दिला. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मी सगळा राग फोटोग्राफरवर काढायला गेलो. तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते हे आठवूनच मला आता लाज वाटते, कारण पाच पंगती उठल्यानंतर तो तेव्हा कुठे पहिला घास घेत होता, असं मला नंतर कळलं. मी फोनवर तावातावाने बोललो. तो शांतपणे म्हणाला, "दादा, आजी म्हणणार आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर मी तिथेच उभा राहिलो असतो."

यावर काय बोलणार? तो यादीप्रमाणे काम करत होता. यादी आम्ही मंजूर केली होती.

'फोटोच नकोत' असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या घरी आई-बाबांच्या लग्नाचा १९९६ सालचा अल्बम आहे, दोन पानांमध्ये बटर पेपर असलेला. तेव्हा एका रोलमध्ये ३६ फोटो निघायचे. तीन रोल म्हणजे १०८, जपमाळेच्या मण्यांइतके! त्यामुळे फोटोग्राफर लग्न बघायचा आणि नेमक्या वेळी बटण दाबायचा. त्या अल्बममध्ये एक फोटो आहे : तरुणपणीची आजी, डोळे कागदावर, तोंड उघडं, मंगलाष्टक म्हणताना. फोटो म्हणून फारसा चांगला नाही, कडेला कुणाचा तरी खांदा आलाय. पण घरात तो अल्बम उघडला की सगळे त्याच पानावर थांबतात. ताईच्या लग्नाचे चार हजारांवर फोटो आलेत. त्यात हा नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. फोटो लग्नाचे असावेत, लग्न फोटोंचं नसावं. त्यासाठी फार काही करायला लागत नाही. पहिली यादी माणसांची करा : कोण काय म्हणणार, कुणाला लवकर जेवायला लागतं, कोण लांबून येणार. दुसरी यादी फोटोंची, आणि ती पहिलीवरून. घरच्यांचे फोटो सकाळी नऊच्या आत उरका किंवा संध्याकाळी घ्या. जोडीच्या फोटोंना वेगळा दिवस द्या. मुहूर्ताआधीचा अर्धा तास कोरा ठेवा, अगदी कोरा. मंगलाष्टकं चालू असताना कॅमेरे बोहल्याच्या दोन बाजूंना राहू द्या, समोर भिंत नको. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यालाही तीन साक्षीदार लागतात, तीन कॅमेरे नाहीत! आणि फोटोग्राफरला वेळेवर जेवायला वाढा.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी येत्या सुट्टीत ताई-दादांची लग्नं असतील आणि 'तू इंजिनिअर ना?' म्हणून तक्ता तुमच्याकडेच येईल. तेव्हा माझी चूक आठवा.

येत्या वैशाखात चुलत बहिणीचं लग्न आहे. तक्ता पुन्हा माझ्याकडेच आलाय. आजी जुना कागद काढून बसली आहे. नवऱ्याचं नाव बदललं की लघु-गुरूचं गणित चुकतं, त्यामुळे दुसरी ओळ सगळी नव्याने करावी लागतेय म्हणे. मी मात्र एक्सेलमधली पहिली ओळ भरून टाकली आहे :

'आजी – १ मिनिट. याला कुणीही हात लावू नये.'