बारदान वजा जाता

जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीनचं पोतं काट्यावर चढलं की बारदान वजा होतं. मोसंबीची गाडी भुईकाट्यावर आधी भरलेली तोलतात, मग रिकामी. मधला फरक तो माल. इथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण याच गावातल्या एका दवाखान्यात माझ्या कागदावर वजनाच्या रकान्यात लिहिलं गेलं, ‘अंदाजे ६५’. का, तर “चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाचं वजन होत नाही हो.”

होत नाही? मी आडतीच्या दुकानात वह्या लिहितो. एका सोमवारी हमालांनी दुकानातल्या ३०० किलोच्या काट्यावर प्लायवूडची फळी टाकली, काटा शून्यावर आणला, मला खुर्चीसकट वर घेऊन ब्रेक लावले. ९४.६. मग मला बैठकीवर बसवून नुसती खुर्ची तोलली, १७.४. निव्वळ माल ७७.२! बारा किलोंची तूट कापसाच्या तोलात आली तर शेतकरी आडत्याची कॉलर धरतो. इथे तर काही औषधांचे डोस वजनावर ठरतात. (हौसेनं भुईकाट्यावरही जाऊन आलो. तो दहा-दहा किलोंनी मोजतो. खुर्ची धरून मी ९० भरलो. ट्रकला ठीक आहे.)

दवाखान्याला जागा नाही, पैसा नाही, हेही ऐकलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २५ सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांत अडथळारहित वावर मागतं. अमेरिकेनं २०२४ साली राज्य आणि स्थानिक सरकारांच्या दवाखान्यांसाठी खुर्चीसकट तोलणाऱ्या काट्याचा नियमच केला. आपल्याकडे निदान एक फळी तरी टाका.

घरचा आक्षेप वेगळा. “बसूनच असतो, वजन वाढणारच. मोजून काय करणार?” मणक्याच्या इजेनंतर पायांचे स्नायू झिजतात, अंगाला लागणारं अन्न कमी होतं, हे मान्य. म्हणूनच मोजायचं. भिंतीवरचा बीएमआयचा तक्ता आम्हाला फसवतो, कारण स्नायू जाऊन चरबी आली तरी आकडा तोच. भारतीयांत एरवी २५ पासून लठ्ठपणा धरतात. मणक्याच्या रुग्णांत २२ पासूनच धोका धरावा, असं संशोधक सुचवतात. शिवाय खुर्चीतून पलंगावर सरकताना वाढलेला प्रत्येक किलो खांद्यावर येतो. खांदा गेला की आमचे पायच गेले.

“मग जेवण तोड,” हा सल्ला तर सगळ्यांत वाईट. प्रथिनं कमी पडली की बेडसोर भरत नाही. मी भाकरी-पिठलं तसंच ठेवलं, चहा तोडला. मोंढ्यात दिवसाला सात कट होतात. कटामागे दोन चमचे साखर, म्हणजे साधारण ४० कॅलरी, सातांच्या २८०. हिशोब लिहिणाऱ्याला हा खर्च इतकी वर्षं दिसला नव्हता. आणि बसल्या माणसाला कसला व्यायाम, असं म्हणणाऱ्यांनी मुरलीकांत पेटकर आठवावेत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या या सैनिकानं १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण जिंकलं. मी पोहत नाही. दुकानामागच्या गल्लीत रोज अर्धा तास खुर्ची हाकतो.

तोल दर सोमवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर, लघवीची पिशवी रिकामी करून, खुर्चीमागची थैली काढून. थैलीत डबा, पाण्याची बाटली, दोन वह्या: तीन किलो. पहिल्या महिन्यात ती काढायची राहिली आणि मी उगाच भाकरीला बोल लावत बसलो. आठ महिन्यांत ७१.८ वर आलो.

गेल्या आठवड्यात खुर्चीतली गादी बदलली. या सोमवारी काट्यावरचा हमाल म्हणाला, “मुनीमजी, वाढलात की!” म्हटलं, थांब बाबा, आधी नवं बारदान काढ.